पागाच्या कडेचं शिसं

मे महिना सरत आला की कर्ली नदीच्या काठावरच्या घरांतून पाग बाहेर निघतात. मालवणच्या दक्षिणेला देवबागची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांच्या सावलीत घरं. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून पाग मारणाऱ्याचे मात्र हेच दिवस. पाऊस सुरू झाला, पाणी गढूळलं की शेवटे, काळुंदर, सुंगटं यांच्या मागे माणसं काठानं फिरू लागतात. त्याआधी, आगोटीच्या तोंडावर, फाटलेले पाग शिवायचे असतात आणि त्यांच्या कडेला शिसं भरायचं असतं.

पाग म्हणजे फेकून मारायचं गोल जाळं. त्याच्या सबंध घेराला शिशाच्या गोळ्या लावलेल्या असतात. जाळं हवेत फुलतं, पाण्यावर पडतं आणि या गोळ्या त्याची कड तळाला नेऊन बसवतात. गोळ्या बाजारात तयार मिळतात, तरी खाडीकाठची काही घरं त्या अजून स्वतः ओततात. ‘हातानं घडणाऱ्या गोष्टी’ हे या अंकाचं सूत्र आहे. अशा सूत्रात मडकी, घोंगड्या, सनया आपसूक येतात. भोक पाडलेली, बोराएवढीही नसलेली करडी गोळी सहसा कुणाला आठवत नाही. ती ओतण्यात पिढ्यांचं शहाणपण आहे. तिच्यात भयही आहे, आणि ओतणारे ज्या जागी सावध असतात त्याहून वेगळ्याच जागी ते बसलेलं आहे.

खळ्यातली आगटी

कर्लीच्या काठावरच्या एका घरी हे काम अलीकडेपर्यंत आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडं मिळून करायचे. खळ्याच्या कोपऱ्यात तीन चिरे मांडलेले, मधे करवंट्यांचा जाळ, वर जाड बुडाची लोखंडी कढई. ही कढई स्वयंपाकातून कायमची बाद केलेली आहे. तिच्यात जुन्या पागाच्या चेपलेल्या गोळ्या, टायरच्या दुकानातून आणलेली चाकाची वजनं आणि भंगारवाल्याकडून घेतलेला जुन्या केबलीवरचा शिशाचा पत्रा पडतो. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. करवंट्यांच्या निखाऱ्याला तेवढी आच सहज गाठता येते, म्हणून तर हा धातू घराच्या अंगणात उतरला. तांबं किंवा लोखंड ओतायला भट्टी लागते, भाता लागतो, ओतारी लागतो.

कढईतले तुकडे आधी नुसतेच तापत राहतात. मग कडेनं खचतात आणि बघता बघता सगळं चकचकीत पाणी होतं. त्यावर लगेच करडी साय धरते. मुलगा मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळतो. मेण पेटतं, धूर होतो, आणि सायीतलं थोडं शिसं पुन्हा खाली उतरतं. उरलेला मळ तो पळीनं काढून कडेला टाकतो. चाकाच्या वजनांच्या लोखंडी कड्या वर तरंगतात, त्याही निघतात.

आजोबांचं लक्ष रंगाकडे असतं. मळ काढलेल्या शिशावर सोनेरी झाक आली तर ठीक. ती निळ्या-जांभळ्याकडे वळू लागली की शिसं गरजेपेक्षा जास्त तापलं, आणि ते दोन जळत्या करवंट्या बाहेर ओढतात. वाळकी काडी बुडवून बघण्याचीही रीत आहे. काडी तपकिरी होऊन करपली तर ओतायला हरकत नाही, भडकन पेटली तर थांबायचं. तापमापक कुणाकडेच नाही, आणि या कामापुरती त्याची उणीव भासत नाही.

साचा लोखंडी, दोन फाळ्यांचा. फाळ्यांत गोळ्यांच्या अर्ध्या खोबणी कोरलेल्या आहेत आणि भोकासाठी मधून खिळा जातो. ओतण्याआधी बारा वर्षांची नात साच्याची आतली बाजू दिव्याच्या ज्योतीवर धरते. काजळीचा पातळ थर बसला की गोळी साच्याला चिकटत नाही. पहिल्या दोन-तीन खेपांच्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण साचा अजून गार असतो. त्या पुन्हा कढईत जातात. साचा तापला की गोळ्या गुळगुळीत पडू लागतात आणि कामाला लय येते. आजोबा पळी ओततात, चार श्वास थांबतात, मुलगा फाळे उघडतो, खिळा ओढतो, गोळ्या चिऱ्यावर टपटप पडतात. ओतलेल्या तोंडाशी राहिलेलं शेपूट सून पकडीनं तोडते. धाकटा नातू गार झालेल्या गोळ्या गोळा करतो आणि ज्यांना धार राहिली असेल त्या दगडावर घासतो, कारण धारेनं नायलॉनचं सूत कापतं.

साचा नसलेल्या घरांत दुसरी रीत आहे. सपाट, कोरड्या दगडावर शिशाचा पातळ पत्रा ओतायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि दोरीवरच गुंडाळून हातोडीनं चेपायच्या. दिसायला ओबडधोबड, पण पक्कं काम.

या खळ्यात सगळ्यात मोठा धाक पाण्याचा आहे. “पाणी लागला तर बंदुकीसारखा उडता, लांब ऱ्हव,” हे आजोबा नातवाला पुन्हा पुन्हा बजावतात, आणि ते शब्दशः खरं आहे. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा लागते, आणि ती जागा करून घेताना वाफ शिसं तोंडावर, डोळ्यांत उडवते. म्हणून हे काम आगोटीआधी, कोरड्या दिवसांत उरकायचं. ओला साचा, ओली पळी, घामाचा थेंब, यातलं काहीही चालत नाही. जुन्या गोळीच्या भोकात ओल राहिली असेल म्हणून भंगार आधी गार कढईत घालतात आणि मग जाळ करतात. भरल्या, तापल्या कढईत वरून भंगार टाकत नाहीत. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेला या घरात चालत नाही.

शिसंच का

एक घन सेंटिमीटर शिशाचं वजन ११.३४ ग्रॅम असतं. तेवढ्याच लोखंडाचं पावणेआठच्या थोडं वर, दगडाचं पावणेतीनच्या आसपास, भाजलेल्या मातीचं दोनच्या आगेमागे. पाण्यात हा फरक आणखी रुंदावतो, कारण वस्तू जेवढी जागा अडवते तेवढ्या पाण्याची उचल तिला मिळते. एक किलो शिसं गोड्या पाण्यात सुमारे ९१२ ग्रॅम भरतं. एक किलो दगड ६३० ग्रॅम, तर मातीच्या गोळ्या जेमतेम अर्धा किलो.

पाग मारणाऱ्याला ही आकडेमोड खांद्यात जाणवते. जाळं पडल्याचा आवाज होताच मासा उधळतो. कड तळाला टेकण्याआधी तो खालून निसटला तर खेप फुकट. कड जड हवी, शिवाय बारीकही हवी, म्हणजे ती पाणी कापत जाईल. वजन कमी पडलं तर शेवटा निसटतो, फार झालं तर कड चिखलात रुतते आणि तासाभरात हात भरून येतात. म्हणून कोणत्या पागाला किती शिसं हे पाण्याची खोली, तळ आणि मासा पाहून ठरतं. सुंगटांच्या बारीक आसाच्या जाळ्याला पाणी जास्त अडतं, त्याची कड त्या मानानं भरीव लागते. एका पागावर कित्येक किलो शिसं असतं, आणि ते सबंध घेरावर सारखं वाटलेलं असावं लागतं. एका बाजूला दाट झालं तर जाळं फुलताना वाकडं पडतं.

शिसं गंजत नाही. हवेत आणि पाण्यात त्यावर करडा थर बसतो आणि आतला धातू शाबूत राहतो. ते मऊ असल्यानं सुताला काचत नाही, चाकूनं कापता येतं, हातानं वळवता येतं. शिशाच्या आधी मासेमारीची वजनं दगडाची आणि मातीची होती. सिंधू संस्कृतीच्या गावांच्या उत्खननात भाजलेल्या मातीची जाळ्याची वजनं मिळाली आहेत. दख्खनला शिशाची ओळखही जुनीच आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली आणि त्यांतल्या काहींवर दोन डोलकाठ्यांचं गलबत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या प्रदेशात कुणीतरी याच धातूचा रस करून, मळ काढून, त्याला आकार देत होतं, हे खळ्यातल्या कढईशेजारी उभं राहिल्यावर पुस्तकातलं वाटत नाही.

कडेला टाकलेला मळ

भय कुठे आहे ते आता पाहायला हवं.

खळ्यातली मोठी माणसं धुराला भितात. वाऱ्याच्या उलट बाजूला बसतात, तोंडाला पंचा बांधतात. ते योग्यच आहे. पण शिसं नुकतं वितळलेलं असताना त्याची वाफ फार थोडी होते. पाचशे अंशांच्या पुढे ती झपाट्यानं वाढते, आणि निळ्या-जांभळ्या रंगाला घाबरण्याची आजोबांची सवय त्यांना नकळत त्यापासूनही राखते. धूर दिसतो म्हणून त्याची भीती असते. न दिसणारी गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे कढईवरून काढलेला करडा मळ. शिशाचा धातू कातडीतून फारसा आत जात नाही, मात्र हा मळ म्हणजे बहुतांशी शिशाची भुकटी. ती बोटांना लागते, कपड्यांना लागते, पायांनी घरात येते आणि पोटात गेली तर शरीर ती चटकन शोषतं. घासलेल्या गोळीची पूडही तशीच.

या घरी मळ माडाच्या मुळाशी टाकला जायचा. वर्षानुवर्षं, त्याच माडाच्या. तिथंच कोंबड्या उकरतात, तिथंच दुपारी मुलं मातीत खेळतात. गोळ्या घासण्याचं काम सगळ्यात लहान मुलाकडे होतं, कारण ते सोपं आणि आगीपासून दूर. भाजू नये म्हणून ज्याला बाजूला बसवलं, त्याच्याच हाताला सगळ्यात जास्त शिसं लागत होतं. यात निष्काळजीपणा कुणाचाच नाही. आग दिसत होती आणि तिच्यापासून पोराला जपलं गेलं.

शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं जेवढं रक्तात उतरतं, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या रक्तात उतरू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी. रक्तातून ते हाडांत जाऊन बसतं आणि दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात हाडं कॅल्शियम सोडू लागली की हे जुनं शिसंही सुटतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं. म्हणजे साचा ज्योतीवर धरणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीचा प्रश्न तिच्यापुरताच उरत नाही. थोड्या प्रमाणात ना ताप येतो ना पोट दुखतं. मुलाचं लक्ष टिकत नाही, शिकणं मागे पडतं, आणि त्याचा संबंध माडाच्या मुळाशी कुणी जोडत नाही. रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी माहीत नाही, असं ही संघटना स्पष्ट म्हणते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी जुलै २०२० मध्ये काढलेल्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली.

थियारोय-सुर-मेर

खाडीकाठच्या कढईतून गोष्ट किती दूर जाऊ शकते, हे सेनेगलमधल्या एका गावानं पाहिलं. थियारोय-सुर-मेर हे डाकार शहराजवळचं मासेमारांचं गाव. तिथले लोहार वर्षानुवर्षं गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत आणि त्याची जाळ्यांची वजनं ओतत. त्या कामाचा चुरा वाळूत मुरत गेला. पुढे शिशाचे भाव चढले आणि ही शिसंभरली माती विकत घेणारी गिऱ्हाइकं उभी राहिली. बाया ती माती उकरून चाळू लागल्या, पोती घरात आणून ठेवू लागल्या, मुलं शेजारी खेळू लागली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काही महिन्यांत तिथं अठरा मुलं दगावली. कारण शिसं होतं हे तपासणीत कळेपर्यंत ती मुलं गेलेली होती. त्यांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तातही शिशाचं प्रमाण भयंकर निघालं.

कर्लीकाठचं ओतकाम आणि थियारोयची माती एका मापाची नाही, हे सांगायला हवं. इथं वर्षातून एकदा काही किलो शिसं वितळायचं, तिथं रोजचा धंदा होता आणि मुख्य म्हणजे बॅटऱ्या होत्या. बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लगदा असतो. तो फोडताना आणि तापवताना भुकटी उडते, आम्ल सांडतं, आणि पट्ट्यांच्या मिश्रधातूत अँटिमनी, आर्सेनिक असू शकतं. भारतात जुन्या बॅटरीनं अधिकृत पुनर्वापराकडेच जावं असे नियम आहेत, सध्याचे २०२२ चे. भंगारवाल्याकडून स्वस्तात पट्ट्या मिळाल्या तरी त्या घरच्या कढईत जाता कामा नयेत. या एका गोष्टीवर तडजोड नको. कर्लीकाठच्या घरात ती आजवर झाली नाही, पण त्याचं कारण विषाचं भान नव्हतं. बॅटरीच्या शिशाला मळ फार येतो आणि गोळी खराब पडते, असं आजोबांचं मत होतं. कारागिराच्या चोखंदळपणानं घर वाचलं.

दातातली कड

पाग फेकताना पाहिलं की आणखी एक जागा दिसते. दोरीचा फास मनगटात, जाळ्याची घडी डाव्या कोपरावर, थोडा भाग उजव्या हातात, आणि शिशाची कड दातांत. शरीर वळतं, दात सुटतात, जाळं फुलतं. सकाळच्या एका फेरीत ही कड कितीतरी वेळा तोंडात जाते. ओल्या शिशावरचा करडा थर जिभेला लागतो.

“दातात धरल्याशिवाय पाग फुलणा नाय,” आजोबा म्हणतात. “माज्या बापाशीन जल्मभर धरल्यान, तेका काय झाला?” या प्रश्नाला उलट उत्तर देता येत नाही, कारण बापाचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. रक्तदाब वाढणं आणि मूत्रपिंड दुबळं होणं हे मोठ्या वयात शिशाशी जोडलेले विकार आहेत, आणि म्हातारपणी ते कुणालाही होतात. एवढं मात्र खरं की दातांशिवाय पाग फुलतो. कड खांद्यावर टाकून किंवा दोन्ही हातांत वाटून घेऊन फेकण्याच्या रीती आहेत. हात नव्यानं शिकवावा लागतो, आणि उतरत्या वयात कुणी तो शिकेल अशी अपेक्षा करू नये. नातवाला पहिल्यापासून तसा शिकवणं मात्र अवघड नाही. मुलानं तेवढं ठरवलं आहे. आजोबांनी त्याला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

बाहेरच्या देशांत शिशाच्या वजनांचा विषय माणसांच्या आधी पक्ष्यांमुळे निघाला. राजहंस दाणा दळायला बारीक खडे गिळतो. इंग्लंडच्या नद्यांत गळ टाकणाऱ्यांच्या हरवलेल्या शिशाच्या गोळ्या त्याला खड्यांसारख्याच दिसल्या. हंस मरू लागले, आणि १९८७ साली तिथं लहान गळवजनांत शिसं वापरायला बंदी आली. त्यानंतर हंसांची संख्या सावरली. तिथं गळाची मासेमारी हा बहुतेकांचा छंद आहे. छंदाला पर्यायी वजनाचे जास्त पैसे मोजता येतात. कर्लीत उतरणाऱ्याच्या घरची त्या दिवसाची कढी आणि बाजाराचे पैसे या जाळ्यावर अवलंबून आहेत. त्याला नुसतं ‘शिसं सोडा’ म्हणणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही.

पर्यायांची अवस्था अशी. लोखंडी वजन लावलेले पाग मिळतात. पण तेवढ्याच वजनाला लोखंड जवळपास दीडपट जागा घेतं, कड जाड होते, खाऱ्या पाण्यात गंज चढतो आणि गंज सूत खातो. सिमेंटची किंवा दगडाची वजनं एका जागी लावून ठेवायच्या जाळ्याला चालतात, फेकायच्या जाळ्याला नाही. टंगस्टन शिशापेक्षा जड आहे, पण त्याच्या किमतीत एक पाग भरायचा म्हणजे होडीचा विचार करावा लागेल.

जुन्या गोळ्या, नवं सूत

कर्लीकाठच्या घरातल्या सुनेनं दोन वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट पकडली. पाग फाटतो तो सुतानं. गोळी फाटत नाही. आजोबांच्या वडलांच्या सुती पागावरच्या काही गोळ्या आज नायलॉनवर आहेत, मधे दोन-तीन जाळी येऊन गेली. मग दर आगोटीला त्या वितळवायच्या कशाला? चेपलेली गोळी पकडीनं सरळ होते, खिळा घालून भोक मोकळं करता येतं. वितळवणं हा वर्षाचा रिवाज झाला होता, गरज त्यातल्या थोड्याच शिशाला होती. जी गोळी हरवते तेवढीच नवी लागते, आणि ती मालवणच्या बाजारात जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते.

आजोबांना हे पूर्ण पटलेलं नाही. बाजारच्या गोळीचं भोक मोठं, वजन कमी-जास्त, असं ते म्हणतात आणि तळहातावर दोन गोळ्या तोलून दाखवतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांच्या साच्यातल्या गोळ्या एकसारख्या पडतात, आणि हे कसब नाहीसं व्हावं असं कुणालाच वाटू नये. म्हणून आगटी अजून पेटते, पण काही वर्षांतून एकदा, आणि घरापासून दूर, बांधाच्या पलीकडे. ओतायला दोघंच, बाप आणि मुलगा. मुलं तिथं येत नाहीत. कामाचे कपडे वेगळे आणि ते वेगळेच धुवायचे. गोळ्या कोरड्या घासायच्या नाहीत, गार झाल्यावर पाण्यात बुडवून ओल्या घासायच्या, म्हणजे पूड उडत नाही. मळ पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवायचा. आणि नातवंडांना पागाला हात लावल्यावर आईचं एकच वाक्य ऐकावं लागतं: “हात धुतल्याशिवाय भुतूर येव नको.” हात साबणानं धुवायचे. नुसत्या पाण्यानं ती भुकटी निघत नाही.

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, पंडुरोगासाठी मुलांकडे बघतं. रक्तातलं शिसं त्या तपासणीत मोजलं जात नाही. मासेमारांच्या वाड्यांत, जिथं शिसं घरात आहे हे उघड माहीत आहे, तिथं तरी ते मोजलं जावं. त्यासाठी शिरेतून थोडं रक्त लागतं आणि प्रयोगशाळेत पाठवायची व्यवस्था लागते. हे काम एका घराच्या ताकदीचं नाही.

माडाच्या मुळाशी जमलेल्या मातीचा प्रश्नही तसाच. शिसं कुजत नाही, पावसानं वाहून संपत नाही, वरच्या वीतभर मातीतच बसून राहतं. ती माती खणून न्यायची तर टाकायची कुठे, याची गावपातळीवर काही सोय नाही. तूर्त त्या जागेवर जांभ्याचे चिरे घट्ट बसवून वर स्वच्छ माती घातली आहे. कोंबड्यांचं खुराडं विहिरीच्या अंगाला हलवलं आहे, आणि त्या माडाभोवती भाजी लावायची नाही असं ठरलं आहे.